उस्तादांचे गणित आणि शाळेचे गणित

शिंदखेड्यात एका फॅब्रिकेशनच्या दुकानात आम्ही मध्यंतरी तासभर बसलो होतो. खिडकीच्या जाळीचा भाव चालला होता. गिऱ्हाईक म्हणाले, १२ एम.एम.चा गोल गज लावा, पण वजन किती भरेल ते आधी सांगा. दुकानात दोन पोरे कामाला आहेत. एकोणीस वर्षांचा एक, आठवीतून सुटलेला. दुसरा दहावी पास, नुकताच लागलेला. आठवीवाल्याने उभ्या उभ्या हिशेब केला. बारा गुणिले बारा १४४, भागिले १६२, मीटरला ८९० ग्रॅम धरा. १८ मीटर गज म्हणजे १६ किलो. दहावीवाला त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

आम्ही पहिल्याला विचारले, हे १६२ आले कुठून? "उस्तादांनी सांगितले." उस्तादांना विचारले, तर त्यांना त्यांच्या उस्तादांनी सांगितलेले. मग दुसऱ्या मुलाला वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र विचारले. ते त्याने न अडखळता म्हणून दाखवले. पण हातातला गज हीच वृत्तचिती, हे त्याला दहा वर्षांत कोणी सांगितले नव्हते. ते सूत्र घ्यावे, लोखंडाचे वजन घनमीटरला ७८५० किलो धरावे आणि कागदावर मांडावे. भागायला १६२ हाच आकडा मिळतो. एकाच ज्ञानाचा अर्धा भाग शाळेत पडून आहे आणि अर्धा दुकानात, आणि दोघांची ओळख करून देणारा कोणी नाही.

यात नुकसान रोकडे आहे. उद्या गिऱ्हाइकाने गोल गजाऐवजी १२ एम.एम.चा चौरस बार मागितला आणि पोराने तोच १६२ वापरला, तर मीटरमागे पाव किलोच्या आसपास माल फुकट जाईल. पाठ केलेले गणित नेहमीच्या कामाला पुरते. काम बदलले की ते दगा देते. आणि कामे बदलतच आहेत. खानदेशातल्या आमच्या पिंजारी बांधवांना हे सांगायला नको. कापसाच्या मुलखात राहून त्यांच्या गादीचे गिऱ्हाईक कारखान्याच्या फोमने नेले.

आमच्या घरांत मुलाच्या शिक्षणाचा निर्णय दोनच प्रकारे होतो. डोके चालत नाही असे वाटले की आठवीनंतर गॅरेजवर. डोके चालते असे वाटले की पुस्तकांपुढे, आणि मग दुकानाची पायरी चढायची नाही. पहिला हिशेबात मार खातो. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा कसबी माणसेसुद्धा बिल वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात उभी होती. दुसरा दहावी-बारावी करून घरी बसतो, वडिलांच्या धंद्याची त्याला लाज वाटते, आणि शेवटी ताप्ती लाइनच्या गाडीत बसून सुरतेला अनोळखी माणसाच्या हाताखाली मजुरी करतो. बापाच्या हाताखाली करायला मात्र तो तयार नव्हता! मुलींचे तर विचारूच नका. पुष्कळ गावांत उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते आणि मुलीचे शिक्षणही तिथेच संपते. मग ती घरात शिलाई करते, पण कापडाचा, दोऱ्याचा आणि वेळेचा हिशेब धरून मजुरी सांगायला तिला कोणी शिकवलेले नसते.

शाळेने हाताचे काम शिकवावे ही गोष्ट नवी नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण द्यायची योजना आखण्याचे काम डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे आले. पुढे राष्ट्रपती झाले तेच हे झाकिरसाहेब. समितीने आपल्याच अहवालात धोक्याची सूचना दिली होती, की शिक्षणाचा हेतू बाजूला पडून मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याकडे शिक्षकांचा कल होऊ शकतो. आमच्या कारखानदार बांधवांनी ही सूचना लक्षात ठेवावी. शागिर्दी म्हणजे चहा आणायला आणि झाडू मारायला फुकटचे पोर मिळणे नव्हे.

आमच्या महाराष्ट्रातच याचा चांगला नमुना आहे. पुणे जिल्ह्यात पाबळ नावाचे गाव आहे. मस्तानीची कबर आहे तेच. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून हे गृहस्थ दुष्काळी गावात येऊन राहिले. गावच्या शाळेतली आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करू लागली: वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, जनावरे, स्वयंपाक व आरोग्य. नुसती नमुन्याची कामे नव्हेत. गावातल्या माणसाला हवी असलेली वस्तू करून द्यायची आणि तिचा खर्च काढायचा. खर्च काढायचा म्हटले की गणित आपोआप आले, चित्र काढणे आले, गिऱ्हाइकाशी बोलणे आले. हा विषय पुढे राज्यातल्या इतरही शाळांत गेला. जवळचे उदाहरण हवे तर अक्कलकुव्याचे घ्या. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव आपल्याच धुळे जिल्ह्यात होते. २०२५ साली निवर्तलेले मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी तिथे मदरशाच्या बरोबरीने आयटीआय आणि तंत्रशिक्षणही उभे केले.

सरकारचे कागद काय म्हणतात तेही पाहू. २००६ च्या सच्चर समितीने आयटीआयच्या प्रवेशाची अट आठवीपर्यंत खाली आणा असे सुचवले होते. वेल्डर, सुतार, वायरमन अशा काही ट्रेडना आठवी पास मुलगा घेतात, हे आमच्या किती पालकांना ठाऊक आहे? २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, असे आहे. २०२३ ची विश्वकर्मा योजना शिंपी, लोहार, सुतार, गवंडी अशा १८ व्यवसायांना प्रशिक्षण आणि कर्ज देते, पण नोंदणीला वय १८ पुरे लागते. (त्या १८ मध्ये पिंजारी नाहीत, हे जाता जाता.) सक्तीचे शिक्षण १४ व्या वर्षी संपते. मधली चार वर्षे मुलाचे कोणी नाही. नेमक्या त्याच चार वर्षांत तो आमच्या दुकानात असतो.

तेव्हा काम आमच्याकडेच येते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. तो विषय बंद करावा. त्यावरच्या मुलाला घेतले तर दहावीच्या परीक्षेला सोडण्याची जबान आधी द्यावी. दप्तराविना दिवस कागदावरच राहणार असतील तर शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगावे, की वर्ग आमच्या दुकानात आणा, आम्ही दोन तास भट्टी थांबवतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. तिथे बसून हे बोलता येते. पण सभा दुपारी असते, दुपारी गल्ल्यावर गर्दी असते, आणि आम्ही सही घरी पाठवायला सांगतो.

त्या दुकानातून निघताना उस्तादांशी थोडे बोलणे झाले. आठवीवाल्याने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसावे, हे त्यांना पटले. मात्र त्यांची एक अट होती. दहावी पास पोराने रोज दुकान बंद झाल्यावर अर्धा तास त्याला बीजगणित सांगायचे, आणि त्याने याला वेल्डिंगची रॉड धरायला शिकवायची. पगार दोघांचाही चालू राहील. पोरांनी एकमेकांकडे पाहिले. आठवीवाल्याने पहिला प्रश्न तिथेच विचारला: "चौरस बारला मग किती धरायचे?"