झाडावर चढणाऱ्याचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की आम्ही दुकानदार फांद्या छाटायला ठेकेदार बोलावतो आणि सर्वांत कमी भाव सांगेल त्यालाच काम देतो. हा हिशेब चुकीचा आहे. जाणता कारागीर आधी जवळच्या तारांची वीज बंद करवून घेतो, जड फांदी दोराने बांधतो, खालून थोडी कापून मगच वरून कापतो. त्यामुळे साल सोलून निघत नाही. यात वेळ जातो. भाव पाडला की हीच काळजी सुटते आणि जीव वर चढलेल्याचा जातो. आम्ही कापड घेताना सूत पाहतो; येथेही दोर, कमरपट्टा आणि मजुराचा विमा पाहावा. शहरात झाड तोडायचे तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी. मजुराच्या जिवावर केलेल्या बचतीत बरकत नसते.