अर्ली डिसिजनवरची सही

दिवाळीच्या आगेमागे पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच घरांत बारावीच्या मुलाबरोबर आईवडीलही एका प्रश्नात अडकलेले असतात : अर्ली डिसिजनचा, म्हणजे होकार आला तर तिथेच जायचे या बोलीवर लवकर भरायचा, अर्ज कुठे टाकायचा? विल्यम्स, अ‍ॅमर्स्ट, स्वार्थमोर, ग्रिनेल ही अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजांची नावे आता इकडेही ओळखीची झाली आहेत. मुख्यतः पदवीपुरतेच शिकवणारी, दीड-दोन हजार विद्यार्थ्यांची ही निवासी कॉलेजे. त्यांतली सर्वांत मागणी असलेली कॉलेजे शंभर अर्जांतले जेमतेम दहा स्वीकारतात. अर्लीच्या फेरीत प्रवेश मिळणाऱ्यांचा टक्का मात्र नेहमीच्या फेरीपेक्षा खूपच वरचा दिसतो. तो दाखवून समुपदेशक सांगतात, ‘अर्ली टाका, चान्स वाढतो.’ आमचा आक्षेप या सल्ल्यालाच आहे.

टक्का कसा वाचायचा हे आपल्याला इकडच्या प्रवेशांच्या कॅप राउंडने शिकवले. सीईटीचा पर्सेंटाइल हातात आला की गेल्या वर्षीचा कटऑफ उघडायचा, आपण कुठे बसतो ते बऱ्यापैकी कळते. अमेरिकी कॉलेजांत असा कटऑफ नसतो आणि रांगही एक नसते. विल्यम्स किंवा अ‍ॅमर्स्टमध्ये सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी कॉलेजच्या संघांतून खेळतात. त्यांतल्या पुष्कळांना प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले असते आणि ती मुले अर्लीतूनच येतात. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना जिथे झुकते माप आहे तिथे तीही याच फेरीत असतात. (अ‍ॅमर्स्टने २०२१ मध्ये हे झुकते माप बंद केले, फार चांगले केले.) अर्लीचा जो टक्का आपल्यासमोर ठेवला जातो तो या सगळ्यांना धरून काढलेला असतो. नाशिकच्या एखाद्या मुलीने पोहण्याच्या शर्यती जिंकलेल्या नसतील आणि तिचे वडील त्या कॉलेजात शिकलेले नसतील, तर तिच्यासाठी त्या टक्क्याचा अर्थ फारसा उरत नाही.

त्यात पैशाचा प्रश्न येतो. वर्षाचा खर्च आता ९० हजार डॉलरच्या आसपास गेला आहे. चार वर्षांचे तीन कोटी रुपये होतात. मदत मागितल्याशिवाय बहुतेक मराठी घरांना हे झेपणारे नाही. अमेरिकी विद्यार्थ्याचा अर्ज वाचताना त्याची ऐपत बघायची नाही, असे धोरण यांतल्या अनेक कॉलेजांचे आहे. परदेशी विद्यार्थ्याला तो न्याय फार थोडी कॉलेजे लावतात. अ‍ॅमर्स्ट लावते, २०२२ पासून बोडन कॉलेजही लावू लागले. विल्यम्स आणि स्वार्थमोर ज्याला घेतात त्याची गरज पूर्ण भागवतात, पण परदेशी मुलाला घ्यायचे की नाही हे ठरवताना तो किती मदत मागतो आहे हे प्रवेश समितीसमोर असते. हे त्यांनी लपवलेले नाही. लपते ते इकडच्या समुपदेशकांच्या टेबलावर.

हे तपासायला पैसे पडत नाहीत. बहुतेक कॉलेजे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्यातल्या सी-७ या कोष्टकात गुण, निबंध, शिफारसपत्रे, मुलाखत, कॉलेजबद्दल दाखवलेली ओढ यांतल्या कशाला किती वजन आहे ते खुणा करून दिलेले असते. त्याहून महत्त्वाचे एच-६ : किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळते आणि सरासरी किती डॉलर. समजा तिथे ४० हा आकडा दिसला. तो चारही वर्षांचा मिळून आहे. म्हणजे वर्षाला दहाएक जागा, आणि त्याही भारतासाठी राखलेल्या नव्हेत. नेपाळ, घाना, व्हिएतनाम, ब्राझील सगळे त्यातच आले. मदत मागणाऱ्या मुलाने आपली शक्यता या आकड्यावरून अजमावायची असते. ‘मुळशीच्या मुलांना तर दरवर्षी मिळते’ असेही ऐकू येते. तिथल्या यूडब्ल्यूसी महिंद्र कॉलेजातल्या मुलांची हुशारी वादातीत आहे. पण यूडब्ल्यूसीच्या पदवीधरांसाठी २००० पासून डेव्हिस शिष्यवृत्ती आहे, आणि तिचे पैसे ठरावीक अमेरिकी कॉलेजांना त्या मुलांच्या मदतीसाठी मिळतात. ज्याच्यामागे असा हात नाही त्याने त्यांच्याशी आपली तुलना करून घेऊ नये.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल घरात सर्वांत कमी बोलले जाते : चार वर्षे राहायचे कुठे आणि शिकायचे कसे? क्रमवारीत शेजारी-शेजारी असलेली कॉलेजे प्रत्यक्षात एकमेकांसारखी अजिबात नाहीत. विल्यम्सची ट्युटोरियल घ्या. एक प्राध्यापक, दोन विद्यार्थी. या आठवड्यात एकाने पाच-सात पानांचा निबंध लिहून आणायचा, दुसऱ्याने त्यातले कच्चे दुवे दाखवायचे; पुढच्या आठवड्यात भूमिका उलट. तिसरे कोणी खोलीत नसते, त्यामुळे गप्प बसून तास काढता येत नाही. दोन वर्षे क्लासच्या बाकावर बसून फक्त लिहून घेतलेल्या मुलाला हे पहिल्यांदा फार जड जाते. काही मुले याच तासात खुलतात, काही मिटून जातात. आपले मूल कुठल्या जातीचे आहे हे आईवडिलांना साधारण ठाऊक असते, आणि मुलाला स्वतःला तर नक्कीच.

रीड कॉलेजात शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. कोलोरॅडो कॉलेजात एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे, मग पुढचा. ग्रिनेलमध्ये पहिल्या सत्रातले एक ट्युटोरियल सोडले तर सक्तीचा विषय नाही. काय शिकायचे ते सल्लागाराबरोबर बसून स्वतः ठरवायचे. ज्याला ठरवून दिलेला अभ्यासक्रम सोयीचा वाटतो त्याला हे स्वातंत्र्य ओझे होईल. शिवाय ग्रिनेल हे आयोवातल्या मक्याच्या शेतांमधले नऊ-दहा हजार वस्तीचे गाव. आगगाडीचे रूळ कॉलेजच्या आवारातून जातात. जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांवर जाऊ शकतो. मोठे शहर म्हणजे तासाभरावरचे डे मॉइन, आणि स्वतःची गाडी नसेल तर तेही लांबच. याच गावात जिवाभावाची मैत्री जमलेली, प्राध्यापकांच्या घरी जेवायला जाणारी मुले आहेत. एकटेपणाने खचणारीही असतात. क्रमवारीच्या आकड्यात हे कुठेच येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की अर्ली डिसिजन हा शक्यता वाढवण्याचा उपाय समजून वापरू नये. तो शब्द देण्याचा व्यवहार आहे. अर्जाबरोबरच्या करारावर मुलाची, पालकांची आणि शाळेच्या समुपदेशकाची सही असते : डिसेंबरात होकार आला तर बाकी सगळे अर्ज मागे घेऊ. देऊ केलेली मदत खरोखरच अपुरी पडली तर सुटका मिळते, पण दुसऱ्या कॉलेजाने किती दिली असती हे ताडून पाहण्याची संधी गेलेली असते. दिलेला शब्द कारणाशिवाय मोडला तर त्याच शाळेतून पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलांकडे संशयाने बघितले जाण्याची भीती राहते. असा शब्द मुलाने द्यायचा तो त्याला तिथेच जायचे असेल तर, आणि पैशाचा हिशेब घरात आधी झाला असेल तर. दोन्हींपैकी एक जरी डळमळीत असेल तरी जानेवारीची नेहमीची फेरी आहे. मार्चअखेर उत्तरे येतात, निर्णयाला सहसा १ मेपर्यंत अवधी असतो.

लाखांत शुल्क घेणाऱ्या समुपदेशन संस्थांकडून पालकांनी दोन गोष्टी मागून घ्याव्यात. ज्या कॉलेजात अर्ली टाकायला सांगितले जाते त्याच्या एच-६ मधला ताजा आकडा कागदावर. आणि त्याच कॉलेजात सध्या शिकणाऱ्या, शक्यतो भारतातून मदतीवर गेलेल्या एका विद्यार्थ्याशी मुलाचे अर्धा तास बोलणे. त्या वेळी पालकांनी खोलीत बसू नये. फेब्रुवारीतला रविवार कसा जातो, आजारी पडलास तेव्हा कोण आले, सुट्टीत वसतिगृह बंद झाले तर कुठे राहिलास, हे प्रश्न मुलालाच विचारू द्यावेत. या दोन्ही गोष्टी हाती येईपर्यंत सही करू नये, मुदत टळली तरी चालेल.