भरतीची धाव आणि गुडघ्याची तक्रार



पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांमधली पहाट बदलते. पाच वाजताच रस्त्यावर पावले वाजू लागतात. शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण आणि १०० मीटरचे १५ गुण. म्हणजे ३५ गुण नुसत्या पायांवर अवलंबून! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ज्या समाजाला सैन्यभरतीचे दार बंद केले आणि ज्याच्यासाठी बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्या समाजाला वर्दीचे मोल आम्ही काय सांगावे?

परंतु तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हीच मुले लंगडू लागतात. कुणाच्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखते, जिना उतरताना कळ येते. कुणाची नडगी ठणकते. मग घरातले वडीलधारे म्हणतात, "धावून गुडघे झिजतात, सोड तो नाद." हे खरे नाही. निरोगी गुडघा बेताचे धावणे सहज सोसतो. गुडघा बिघडवते ती घाई. नियमित धावले की काही आठवड्यांत दम वाढतो. हाडे आणि स्नायूबंध मात्र बळकट व्हायला महिने घेतात. दम आला म्हणून मुलगा अंतर वाढवतो आणि पाय मागे राहतात.

म्हणून सुरुवात अशी करावी. एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे. असे वीस मिनिटे. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस विश्रांती. धावण्याचा वेळ हळूहळू वाढवावा. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नये. पावले लांब टाकू नयेत, आखूड व भरभर टाकावीत. मातीचे सपाट मैदान मिळाल्यास उत्तम. बूट महाग नसले तरी चालतील, पण मापाचे हवेत आणि तळ झिजलेला नको. विश्रांतीच्या दिवशी अर्ध्या बैठका, पायरीवर चढ-उतार, टाचा उचलणे असे व्यायाम करावेत. मांडी, कंबर आणि पोटरी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

दुखणे ओळखायलाही शिकावे. धावताना थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळी थांबले, तर अंतर कमी करून चालू ठेवावे. दुखणे रोज वाढत असेल किंवा चाल बदलत असेल, तर धावणे थांबवावे. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे शेक घ्यावा. गुडघा सुजला, मध्येच अडकला, पाय टेकवेना, हाडावर एकाच जागी बोट ठेवले तरी कळ येते किंवा रात्री झोपेतही ठणकते, तर सरळ सरकारी दवाखाना गाठावा. सांधा लाल, गरम होऊन ताप आला तर एक दिवसही थांबू नये.

दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची, ती उपाशीपोटी घ्यायची आणि पुन्हा धावायचे, ही चाल फार घातक आहे. गोळीने दुखापत बरी होत नाही, फक्त तिची हाक ऐकू येत नाही. शिवाय पोट आणि मूत्रपिंड बिघडण्याचा धोका असतो तो वेगळाच.

मातांना एक विनंती. मुलगी पहाटे धावून येते, घरकाम उरकते आणि उरलेसुरले खाते. धावणाऱ्या मुलीची पाळी थांबली तर ती नाजूक बाब म्हणून झाकू नका. पोटाला कमी पडल्याची ती खूण असू शकते, आणि त्याने हाडे कमजोर होतात. तिला डॉक्टरांना दाखवा. चणे, शेंगदाणे, नाचणीची भाकरी, अंडे यांत मुलाइतकाच तिचाही वाटा ठेवा.

विनयपिटकात सोण कोळिविस या भिक्खूची कथा आहे. चंक्रमण करता करता त्याचे तळवे फाटले, रक्त वाहिले, तरी तो थांबेना. अखेर निराश होऊन घरी परतण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा वाजते काय? त्याला उमजले. याच प्रसंगी तथागतांनी भिक्खूंना पादत्राणे वापरण्याची अनुमती दिली.

आपल्या मुलांची तार जाहिरात निघाल्यावर एकदम ताणली जाते, आणि एरवी सैल पडून असते. विहारात, मंडळात, बचत गटात बसणाऱ्या मोठ्यांनी हे मनावर घ्यावे. जाहिरातीची वाट न पाहता मुला-मुलींना आजपासूनच बेताने धावायला लावा. सहा महिने हाताशी असले तर गुडघा साथ देईल. सहा आठवड्यांत सारे उरकायचे म्हटले, तर अभ्यास पक्का असूनही मैदानावर पोर मागे पडेल.