आधीं पान, मग फूल

पिवळा गुलाब पाहून ज्याचें मन प्रसन्न होत नाहीं असा मनुष्य विरळा. हळद, झेंडू आणि सोनचाफा यांच्या रंगाला मंगल मानणाऱ्या आपल्या लोकांना तर त्या फुलाचें विशेषच कौतुक. पालक मुलांना घेऊन रोपें आणण्यास रोपवाटिकेंत गेले म्हणजे ज्या कुंडींत टपोरें पिवळें फूल उमललेलें असेल तिच्याकडेच सर्वांचे हात आधीं वळतात. त्या रोपाचीं पानें कशीं आहेत, हें वांकून पाहणारा क्वचितच आढळतो. ही रीत बदलली पाहिजे, असें आमचें नम्र पण ठाम मत आहे. पिवळ्या गुलाबाची नवी जात कशी निपजली, याचा इतिहास या मताला पुरेपूर पुष्टि देतो. म्हणून तो आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील बागांत तांबड्या, गुलाबी व पांढऱ्या गुलाबांची रेलचेल होती. कडाक्याच्या थंडींत तग धरणारा, गर्द पिवळा आणि वर्षांतून अनेकदां फुलणारा, असा तिन्ही गुणांचा गुलाब मात्र कोणाच्याहि बागेंत नव्हता. इ. स. १८२४ मध्यें चीनमधून एक फिकट पिवळा गुलाब इंग्लंडांत पोहोंचला होता. पुढें १८६४ मध्यें फ्रान्समध्यें 'मारेशाल नील' नांवाचा सुंदर पिवळा वेलगुलाबहि निघाला. परंतु तो थंडीला भिणारा. उत्तरेकडील बागांत त्याला कांचघराचा आसरा लागे.

गर्द सोनेरी रंग होता तो पश्चिम आशियांतील एका काटेरी झुडपापाशीं. 'गुलाब' हा आपला शब्द फारसींतून आलेला. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. शब्दाप्रमाणें हा रंगहि जगाला इराणच्या बाजूनेंच मिळावा, हा एक मनोरंजक योग आहे. या झुडपाची भरगच्च पाकळ्यांची जात सर हेन्री विलक यांनीं १८३७ च्या सुमारास इराणांतून इंग्लंडांत आणली आणि 'पर्शियन यलो' या नांवानें ती ओळखली जाऊं लागली. तिचा रंग अनुपम. परंतु फुलें वर्षांतून एकदांच. त्यांचा वास तर असा, कीं वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तिच्या मूळ जातीचें नांवच 'रोझा फीटिडा', म्हणजे दुर्गंधी गुलाब, असें ठेवलें. शिवाय या झुडपाला फळ धरणें अतिशय कठीण.

येथें विद्यार्थिमित्रांना गुलाबाचा संकर कसा करतात तें सांगणें अवश्य आहे. जें फूल माता म्हणून निवडावयाचें, तें पूर्ण उमलण्यापूर्वींच त्याच्या पाकळ्या व पुंकेसर चिमट्यानें काढून टाकतात, म्हणजे स्वतःचे परागकण स्वतःच्याच कुक्षीवर पडत नाहींत. मग दुसऱ्या जातीचे परागकण बारीक कुंचल्यानें त्या कुक्षीवर लावून फुलावर कागदाची पिशवी बांधतात आणि माता, पिता व तारीख लिहिलेली चिठ्ठी देठाला अडकवितात. सुमारें चार महिन्यांनीं फळ पिकतें. त्यांतील बिया कांहीं आठवडे थंडाव्यांत ठेवल्याखेरीज बहुधा रुजत नाहींत. रुजलेल्या प्रत्येक बीचें रोप निराळें, जसें एकाच घरांतील भावंडांचें रूप निराळें. हजारों रोपांतून एखादेंच निवडावयाचें, त्याचे डोळे दुसऱ्या खुंटावर भरून तीं कलमें अनेक वर्षें पारखावयाचीं आणि मग त्याला नांव द्यावयाचें. संकरापासून विक्रीपर्यंत आठ-दहा वर्षें सहज लोटतात.

हें काम ज्यानें पिवळ्या रंगासाठीं आयुष्यभर केलें तो गृहस्थ म्हणजे फ्रान्समधील ल्यों शहराचा जोसेफ पेर्ने-द्यूशे. त्याचा जन्म १८५९ चा. बाप माळी, सासरा क्लोद द्यूशे हाहि गुलाबांच्या नव्या जाती काढणारा नामांकित माळी. सासऱ्याचें आडनांव त्यानें आपल्या नांवाला जोडून घेतलें. 'पर्शियन यलो'ला फळ धरत नाहीं हें जाणून पेर्नेनें त्या जातीचे केवळ परागकण घेतले आणि १८८० नंतरच्या दशकांत ते बागेंतील तांबड्या गुलाबांच्या कुक्षींवर लावण्याचा क्रम वर्षामागून वर्षें चालविला. बिया थोड्याच मिळाल्या, आणि त्यांतून उगवलेलीं रोपें त्याहूनहि थोडीं.

पहिल्या पिढींत मनासारखें फूल आलें नाहीं. याचें कारण आज आपणांस ठाऊक आहे. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण गुलाबांत दबून राहणारा आहे. एकदांच फुलणाऱ्या जातीशीं संकर झाला, कीं पहिल्या पिढींत तो गुण लपतो आणि पुढच्या पिढींतील कांहीं रोपांत पुन्हा प्रकट होतो. पेर्नेच्या वेळीं आनुवंशाचे हे नियम माळ्यांना उलगडलेले नव्हते. तरी पहिल्या पिढींतील एक रोप निरुपयोगी म्हणून त्यानें उपटून टाकलें नाहीं, आणि त्याच्या पुढील पिढींतून नारिंगी झांक असलेला 'सोलेय दोर', म्हणजे सोन्याचा सूर्य, हा गुलाब निपजला. इ. स. १९०० मध्यें तो लोकांच्या हातीं आला. त्याच वंशांतील निर्भेळ गर्द पिवळा 'रेयों दोर', म्हणजे सोन्याचा किरण, १९१० मध्यें निघाला. आज जगांत जे गर्द पिवळे, नारिंगी व जर्दाळूच्या रंगाचे बागेंतील गुलाब दिसतात, त्यांपैकीं बहुतेकांच्या वंशवृक्षांत या ल्योंच्या बागेची शाखा सांपडते.

पहिल्या महायुद्धांत पेर्नेचे क्लोद्यूस व जॉर्ज हे दोन्ही तरुण पुत्र रणांगणीं पडले. ज्यांच्या हातीं बाग सोंपवावयाची तेच गेले. युद्ध संपल्यावर वृद्ध पित्यानें १९२० मध्यें एका पिवळ्या गुलाबाला क्लोद्यूसच्या स्मरणाचें नांव दिलें, आणि पुढल्याच वर्षीं दुसऱ्या एका गुलाबाला जॉर्जच्या. १९२८ मध्यें तो स्वतःहि निवर्तला. अशा पुरुषाच्या उद्योगाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे, आणि पुढें जें लिहीत आहों तें त्या आदराला धरूनच.

'पर्शियन यलो'नें आपल्या वंशजांना सोनेरी रंग दिला. त्याच हातानें एक रोगहि दिला. गुलाबाच्या पानांवर काळे, झालरीसारख्या कडेचे वाटोळे ठिपके पडतात. भोंवतालचें पान पिवळें होतें आणि अकालीं गळतें. ही एका बुरशीची करणी. हा रोग बागांत पूर्वींहि होता. परंतु 'पर्शियन यलो' त्याला फारच लवकर बळी पडणारी, आणि तिचें हें दुबळेपण रंगाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेलें. पान सुमारें सात तास ओलें राहिलें तरी बुरशीचे बीजकण त्यांत शिरकाव करूं शकतात. आपल्या महाराष्ट्रांत आषाढ-श्रावणांत पान सात तासच काय, दिवसेंदिवस वाळत नाहीं. दिवाणखान्यासमोर हौसेनें लावलेला पिवळा गुलाब भाद्रपदांत नुसत्या काट्यांचा सांगाडा होऊन कां उभा राहतो, याचें एक मोठें कारण यांत आहे. पानें नसलेलें झाड अन्न कशानें तयार करणार? असें कांहीं पावसाळे लागोपाठ गेले कीं झाड क्षीण होतें. मग दर आठवड्यास औषधाचा फवारा हातीं घ्यावा लागतो, आणि ज्या बागेंत मुलें खेळतात तेथेंच विषारी द्रव्यें शिंपडण्याची पाळी येते.

हा दोष कोणाला दिसलाच नाहीं काय? दिसला, परंतु जोंवर लोक केवळ फूल पाहून बक्षीस देत आणि फूल पाहूनच पैसे मोजीत, तोंवर पानाची पर्वा करण्याचें कारण फारसें उरलें नव्हतें. इंग्लंडांतील जुन्या प्रदर्शनांत लांकडी पेटींत ओलें शेवाळ पसरून त्यावर खुडलेलीं फुलें ओळीनें मांडीत. परीक्षकापुढें झाड येतच नसे. ज्या परीक्षेंत पानाला एकहि गुण नाहीं, त्या परीक्षेंत पान नापास झालें तरी कळणार कसें?

कोणी म्हणेल, पेर्नेनें पानाकडे पाहून ती इराणी जात टाकून दिली असती, तर आज गर्द पिवळा गुलाब आपणांस दिसलाच नसता. हा आक्षेप रास्त आहे. पहिल्यानें वाट काढणाऱ्यास जें मिळेल तें घ्यावें लागतें. आमचें म्हणणें त्याच्यामागून आलेल्यांविषयीं आहे. रंग एकदां हातीं आल्यावर पुढील पिढ्यांचें काम तो रंग निरोगी पानावर बसविण्याचें होतें. आणि तें काम टाकून बहुतेकांनीं आणखी मोठ्या व आणखी झळझळीत फुलांचा पाठलाग केला.

सुदैवानें सर्वांनींच तसें केलें नाहीं. अमेरिकेंत आयोवा येथील विद्यापीठांत ग्रिफिथ बक या प्राध्यापकांनीं आपले गुलाब फवारणीवांचून, उघड्यावर, कडक हिवाळ्यांत वाढविले आणि जे तगले तेच पुढें नेले. विस्कॉन्सिनमधील विल्यम रॅडलर यांनीं तर रोगट पानें गोळा करून, वाळवून, त्यांची पूड मुद्दाम आपल्या कोंवळ्या रोपांवर टाकली आणि जीं रोपें त्यांतूनहि हिरवीं राहिलीं तींच राखलीं. २००० मध्यें बाजारांत आलेला त्यांचा तांबडा 'नॉक आउट' गुलाब अशा अग्निपरीक्षेंतून उतरलेला आहे. त्याच मालिकेंत मागाहून पिवळा गुलाबहि आला. मात्र उमलतांना पिवळें असलेलें त्याचें फूल लवकरच सायीच्या रंगाचें होतें. निरोगी पान आणि न विटणारा पिवळा रंग एका झाडावर आणणें आजहि किती अवघड आहे, हें यावरून ध्यानांत येईल. जर्मनींत नव्या गुलाबांची जी परीक्षा घेतात, तींत झाडें अनेक ठिकाणच्या बागांत तीन वर्षें पारखतात आणि १९९७ पासून त्यांवर कोणतेंहि रोगनाशक औषध मारूं देत नाहींत. आमच्या मतें प्रत्येक नव्या गुलाबाची परीक्षा अशीच व्हावी.

आपल्या देशांतहि या विचाराचें एक थोर उदाहरण आहे. डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे गव्हाचे संशोधक. त्यांच्या देखरेखीखालीं तांबेऱ्याच्या तिन्ही प्रकारांना दाद न देणारा 'एन. पी. ८०९' हा गहू १९५४ मध्यें तयार झाला; आणि फावल्या वेळांत त्यांनींच गुलाबाच्या अनेक नव्या जाती काढल्या व भारतांतील गुलाबांवर ग्रंथ लिहिला. गव्हाचा शेतकरी आधीं पानावरचा तांबेरा पाहतो व मग ओंबी मोजतो. पान गेलें तर दाणा भरत नाहीं, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. हीच शेतकऱ्याची दृष्टि बागेंतहि चालवावी, एवढीच आमची मागणी आहे.

विद्यार्थिमित्रांनो, हें काम केवळ मोठ्या प्रयोगशाळांचें नव्हे. चिमटा, कुंचला, कागदी पिशवी, चिठ्ठी आणि एक वही एवढ्यावर तें होतें. ऑक्टोबरांत छाटणी केलेले गुलाब थंडींत फुलले म्हणजे ज्या झाडानें गेल्या पावसाळ्यांत आपलीं पानें राखलीं असतील तें माता म्हणून निवडा आणि त्याच्या कुक्षीवर पिवळ्या गुलाबाचे परागकण लावा. फळ पिकल्यावर बिया ओल्या वाळूंत घालून कांहीं आठवडे फ्रिजमध्यें ठेवा व मग पेरा. सर्व बिया रुजणार नाहींत. जीं रोपें येतील त्यांतील बहुतेकांचीं फुलें सामान्य असतील. परंतु त्यांना एक पावसाळा फवाऱ्यावांचून काढूं द्या आणि कोणत्या रोपाचें पान केव्हां गळलें तें वहींत तारखेनिशीं टिपून ठेवा. ती वहीच तुमची खरी मिळकत. ज्या रोपाला फूल साधें पण पान अभंग असेल तें उपटूं नका. पेर्नेला त्याचा सूर्य अशाच राखून ठेवलेल्या रोपाच्या वंशांत मिळाला.

आतां पालकांस एक शब्द. वार्षिक परीक्षेचे गुण हें मुलाचें फूल आहे. तें दिसतें, मिरवितां येतें, शेजाऱ्यांस दाखवितां येतें. नियमित झोंप, खेळ, वाचनाची गोडी, खरें बोलण्याची संवय हीं त्याचीं पानें. तीं कोणी मांडून दाखवीत नाहीं. परंतु फुलाला रस पुरवितात तीं तींच. फुलाच्या हौसेनें पानें झडूं दिलीं, तर एक-दोन बहर थाटाचे येतील आणि मग काट्यांचा सांगाडा उरेल.

पुढील वेळीं रोपवाटिकेंत जाल तेव्हां पावसाळा संपतां संपतां जा. त्या दिवसांत फुलें थोडीं असतात, म्हणून डोळे दिपत नाहींत. झाडाच्या खालच्या फांद्या उचलून पानें पाहा. जें रोप त्या ओल्या महिन्यांतून हिरवेंगार बाहेर पडलें असेल तें, फूल नसलें तरी, पैसे देऊन घरीं आणा.