त्यांना कोणी कामावर लावलंच नाही



मत्तयच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला आपल्या सगळ्यांना माहीत आहे. उशिरा आलेल्यांना पूर्ण मजुरी का, यावर माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी वाद होतो. पण मालक दिवस कलताना बाजारात जातो तेव्हा तिथे माणसं अजून उभीच असतात. का, याकडे आपलं लक्ष जात नाही. ती आळशी नव्हती. त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.

आमच्या धर्मग्रामात असा एक तरुण आहे. स्वमग्न आहे, बीकॉम झालाय. चर्चची गीतपुस्तकं तो मोजून लावतो. एक कमी असलं तरी कोणत्या बाकावर राहिलं ते सांगतो. बेळगाव-निपाणी गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ. मागच्या वर्षी स्टोअरमध्ये नोंदी ठेवण्याच्या कामासाठी तो मुलाखतीला गेला. ठिकाणाचं नाव घेत नाही, पण चालवणारे आपलेच लोक आहेत. "स्वतःबद्दल सांगा," म्हटल्यावर तो छताकडे बघत राहिला. मुलाखत तिथेच संपली. स्टोअरची वही त्याच्यापुढे कोणी ठेवलीच नाही. काम नोंदींचं आणि परीक्षा गप्पा मारण्याची!

त्याच रविवारी मिस्सानंतर त्याच साहेबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "देवाचं लेकरू आहे."

मला राग आला, तो अजून गेलेला नाही. देवाचं लेकरू आहे तर त्याला पगार द्यायला काय हरकत होती?

आपल्याला अशा मुलांसाठी प्रार्थना करायला आवडतं. नाताळात केक वाटायला आवडतं. पण सणाला खुर्च्या लावणारा मांडववाला पैसे घेऊन जातो आणि वर्षभर खुर्च्या लावणाऱ्या या मुलाच्या कामाला आपण 'सेवा' म्हणतो. ही सेवा नाही, फुकट राबवणं आहे. दाखल्यातल्या मालकाने तासभर राबलेल्याच्या हातावरही पूर्ण दिनार ठेवला होता, खाऊ नव्हे.

हे मी पदरचं सांगत नाही. १९८१ साली निपाणीत तंबाखू उत्पादक शेतकरी घामाच्या दामासाठी रस्त्यावर बसले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमावर 'लाबोरेम एक्सरसेन्स' हे परिपत्रक काढलं. त्यातला एक संपूर्ण भाग दिव्यांगांच्या कामावर आहे. पूर्ण कार्यक्षम माणसांनाच कामावर घेणं म्हणजे धडधाकटांनी दुबळ्यांशी केलेला भेदभाव, असा त्याचा आशय आहे. चाळीस वर्षं उलटून गेली. आपल्या किती व्यवस्थापकांनी ते वाचलंय?

कायदाही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि एकाहून अधिक अक्षमता असलेल्यांचा. खासगी संस्थांना तसं आरक्षण नाही, पण समान संधीचं धोरण जाहीर करणं त्यांनाही चुकत नाही. आपल्या शाळा-दवाखान्यांच्या फलकावर ते कुठे दिसतं का, एकदा बघून या.

"गिऱ्हाईक काय म्हणेल?" असं एक दुकानदार मला म्हणाले. बेळगावहून शंभरेक किलोमीटरवर हुबळीत २०१७ साली कॉलेजच्या आवारात 'मिट्टी कॅफे' सुरू झालं. चालवणारे सगळे दिव्यांग, बौद्धिक अक्षमता असलेलेही. २०२३ मध्ये त्यांचं कॅफे थेट सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात उघडलं. तिथले वकील चहा पितात, मग आपलं गिऱ्हाईक काय जास्त मोठं लागून गेलं?

दुसरं टोकही मला पटत नाही. अशी मुलं म्हणजे कॉम्प्युटरमधली जादूगार, असं हल्ली मोबाइलवर फिरतं. असतील काही. पण बाकीच्यांनी पोट भरण्यासाठी अलौकिक असायची अट कशाला? उद्यमबागच्या फाउंड्रीतलं प्रत्येक काम प्रत्येकाला झेपणार नाही, हेही खरं. म्हणून आधी आठवडाभर काम देऊन बघा, सूचना तोंडी न देता कागदावर लिहून द्या, गोंगाटापासून जरा बाजूला जागा द्या. याला खर्च किती येतो?

मीही धुतल्या तांदळाचा नाही. प्रथम कम्युनियनच्या वर्गात सतत हलणाऱ्या एका मुलाला मी वर्षभर शेवटच्या बाकावर बसवलं होतं. तो आज कुठे आहे, मला ठाऊक नाही.

येत्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत मी पहिला विषय ठेवणार आहे: गीतपुस्तकं आणि खुर्च्या सांभाळणाऱ्या त्या तरुणाला महिन्याचा पगार. आकडा फादरांनी ठरवावा. मांडववाल्याचं बिल मी सोबत घेऊन जाणार आहे.