क्रियापदामागचा इवला शब्द

धानोऱ्यासारख्या गावी पेढीवर बसणाऱ्या आपल्या मुलांना इंग्रजी क्रियापदे ठाऊक असतात. ती अडखळतात मागून येणाऱ्या इवल्या शब्दापाशी. तांदळाच्या मागणीविषयी एखाद्या निर्यातदाराचे इंग्रजी पत्र यावे. त्यात 'पुट ऑफ' असेल, तर मागणी पुढे ढकलली. 'कॉल ऑफ' असेल, तर रद्दच झाली. पहिल्या प्रसंगी पोती राखून ठेवावीत, दुसऱ्या प्रसंगी नवे गिऱ्हाईक पाहावे.

'राइट डाउन' म्हणजे टिपून ठेवणे. हिशेबनिसाच्या तोंडी मात्र मालाची नोंदलेली किंमत उतरवणे. 'राइट ऑफ' म्हणजे येणे बुडीत धरून वहीतून काढणे. (ऋणकोने यास कर्जमाफी समजू नये, वसुलीचा हक्क एवढ्याने जात नाही.)

मराठीत 'लिहून ठेवले' आणि 'लिहून टाकले' यांतील भेद आपणांस कोणी शिकवला? तो कानांनीच उमगला. इंग्रजीतही एकट्या 'ऑफ'चा अर्थ घोकून भागत नाही: विमानाने उडणे 'टेक ऑफ', अंगातील कोट काढणेही 'टेक ऑफ'. तेव्हा जोडी अख्ख्या वाक्यासह वहीत उतरवावी. जागाही त्यानेच कळते: 'पे ऑफ द लोन' चालते, पण कर्जाऐवजी 'इट' आले की 'पे इट ऑफ' असेच म्हणावे लागते.