विंचवाचं बिऱ्हाड

अमेरिकेत घरदार विकून बारा महिने गाडीत राहणाऱ्यांना 'फुलटायमर' म्हणतात. सुट्टीत चार दिवस डोंगरात जाऊन येणारे वेगळे आणि हे वेगळे. यांना परत जायला घरच नसतं. गाडी उभी राहील तिथे अंगण, आणि गाडी हलली की अंगणही हललं. यांत निवृत्त जोडपी पुष्कळ, पण २००८ च्या मंदीत घर गमावून बसलेली माणसंही कमी नव्हती. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी २०१७ साली 'नोमॅडलँड' लिहिलं ते या दुसऱ्या प्रकारच्या लोकांवर. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळालं, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यातली बाई व्हॅनमध्ये राहते. मला आज लिहायचंय ते ज्यांच्या गाठीशी थोडेफार पैसे आहेत आणि जे आपखुशीने हा पंथ धरतात, त्यांच्यापुढे येणाऱ्या एका निवडीविषयी. मोटारहोम घ्यायची की ट्रक कॅम्पर?

फोंड्यात बसून मी या फंदात का पडलो म्हणाल, तर माझा एक आतेभाऊ चाळीसेक वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेला तो तिथलाच झाला. आता तो ६७ वर्षांचा, वहिनी ६३. मुलं आपापल्या मार्गाला लागली. मोठं घर विकायचं आणि फिरत राहायचं, असं दोघांनी ठरवलंय. गेले सहा महिने आमचं फोनवरचं बोलणं मासळीचे भाव सोडून याच एका गोष्टीवर चाललंय. ऐकता ऐकता मीही वाचत गेलो, आणि वाचलं की मत बनतं, आणि मत बनलं की ते इथे येऊन सांडतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आधी या दोन वस्तू काय आहेत ते सांगतो. मोटारहोम म्हणजे इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर. चालकाच्या सीटवरून उठलं की चार पावलांवर स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर, त्याच्या मागे पलंग. मोठ्यातली मोठी ४५ फुटांपर्यंत जाते, म्हणजे आपल्या कदंबच्या बसपेक्षाही लांब. ट्रक कॅम्पर म्हणजे वेगळंच प्रकरण. आपल्याकडे नारळ नि मासळी वाहणारी पिकअप असते ना, तिच्याहून दांडगी अमेरिकन पिकअप घ्यायची आणि तिच्या हौद्यात एक आख्खी खोली चढवायची. पलंग येतो तो चालकाच्या टपावर. खोलीच्या चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. ते खाली सोडले की खोली उचलली जाते, खालून पिकअप काढून घ्यायची, खोली आपल्या चार पायांवर उभी. तिथल्या बऱ्याच राज्यांत या खोलीला वाहन मानतच नाहीत, ती पिकअपवर लादलेला माल!

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. पण विंचवीण पिल्लं पाठीवर घेते आणि जरा मोठी झाली की ती खाली उतरतात. गोगलगाईचं तसं नाही. तिचं घर तिच्यापासून सुटत नाही, सुटलं तर ती मेली. ट्रक कॅम्पर हे विंचवाचं बिऱ्हाड आहे आणि मोटारहोम गोगलगाईचं. माझ्या मते सगळा निवाडा या एका फरकावर व्हायला हवा. पण दुकानात होतो तो सोफ्याच्या लांबीवर आणि फ्रिजच्या उंचीवर.

असं का म्हणतो ते सांगतो. बारा महिने गाडीत राहायचं म्हणजे बारा महिने गाडी चालवायची, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. बहुतेक दिवस गाडी उभीच असते. पश्चिमेकडच्या सरकारी मोकळ्या जमिनींवर फुकट मुक्काम करता येतो, पण सर्वसाधारण नियम असा की एका जागी २८ दिवसांत १४ दिवसच. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट नावाचं वाळवंटातलं गाव आहे. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा लांबलचक हिवाळी मुक्काम पैसे भरून करता येतो, आणि हजारो गाड्या तिथे येऊन बसतात. आता अशा जागी आठवडाभर मुक्काम आहे आणि दूध संपलं. गोगलगाईने काय करायचं? घराच्या भिंतीतून बाहेर सरकवलेले कप्पे आत घ्यायचे, कपबशा बंदोबस्तात ठेवायच्या, पायऱ्या मिटायच्या आणि आख्खं घर घेऊन दूध आणायला जायचं. म्हणून मोटारहोमवाले मागे एक छोटी मोटार बांधून ओढत नेतात. म्हणजे दोन इंजिनं, दोन विमे, दोन ठिकाणचे टायर. विंचू मात्र बिऱ्हाड उतरवून ठेवतो आणि पिकअप घेऊन बाजारात जातो.

मोंटाना राज्यात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून 'गोइंग-टू-द-सन' नावाचा घाटरस्ता जातो. त्याच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनाला प्रवेश नाही. मोटारहोम तिथे जात नाहीच, पण पिकअपवर चढवलेला मोठा कॅम्परही अडतो. मात्र कॅम्पर खाली ठेवता येतो आणि मग फक्त पिकअपचं माप मोजावं लागतं.

याहून मोठी गोष्ट दुरुस्तीची. मोटारहोमचं इंजिन बिघडलं तर तुमचं घर गॅरेजमध्ये जातं. सुटा भाग यायला दोन आठवडे लागले तर दोन आठवडे तुम्ही मोटेलात, औषधं आणि कपडे पिशव्यांत भरून. बसएवढी गाडी आत घेणारी गॅरेजंही प्रत्येक गावात नसतात. पिकअप मात्र त्या देशात आपल्याकडच्या स्कूटरइतकी सर्वत्र, तिचा मेकॅनिक कुठल्याही गावात सापडतो. पिकअप म्हातारी झाली तर बदलता येते, कॅम्पर तोच राहतो. उलट कॅम्परचं छप्पर गळून लाकूड कुजलं तरी पिकअप शाबूत. (गळतं मोटारहोमचंही. फिरत्या घराचा पहिला शत्रू पाऊसच, हे आपल्या गोव्यातल्या कौलारू घरवाल्यांना समजावून सांगायला नको.) पैशांचंही बघा. डिझेलवर चालणारी मोठी मोटारहोम नवी घेतली तर दोन-तीन लाख डॉलर सहज जातात, आणि जमिनीवरच्या घरासारखी तिची किंमत वाढत नाही, दारातून बाहेर काढल्या दिवसापासून ती उतरते. घर विकून हाती आलेला पैसा अशा वस्तूत घालणं म्हणजे परतीचा रस्ता स्वतःच्या हाताने बुजवणं. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते इथेही खरं.

आता कॅम्परवाले आपली बाजू मांडताना काय लपवतात तेही सांगायला हवं. टपावरच्या पलंगावर रात्री रांगत चढावं लागतं आणि लघवीला उठलं की रांगत उतरावं लागतं. दोघांतला एक आतल्या बाजूला झोपला असेल तर दुसऱ्याच्या अंगावरूनच. पुष्कळ कॅम्परांत शौचालय आणि शॉवर एकाच कपाटात असतात, अंघोळ झाली की कमोड पुसत बसायचं. दोन माणसं एकाच वेळी उभी राहिली तर एकाने श्वास आत घ्यायचा. बाहेर तीन दिवस पाऊस लागला तर नवरा-बायकोत काय होतं ते मी इथे लिहीत नाही. शिवाय 'उतरवून ठेवतो' हे वाक्य जितकं सोपं तितकं काम सोपं नाही. परत चढवताना पिकअप अगदी नेमकी मागे घ्यावी लागते, एकाने आरशात बघायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून हात हलवायचे. उतरवलेला कॅम्पर वाऱ्यात हलतो, त्याच्या पोटाखाली लाकडी आधार द्यावा लागतो, आणि काही खाजगी तळांवर तो उतरवू देत नाहीत.

आणि वजन. इथे पुष्कळ लोक फसतात. प्रत्येक पिकअप किती भार वाहू शकते ते तिच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर लेबल लावून लिहिलेलं असतं. कॅम्परचं जे वजन माहितीपत्रकात छापतात ते रिकाम्या कॅम्परचं. त्यात १५० लिटर पाणी भरलं की १५० किलो वाढले. मग गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, भांडी, कपडे, दोन माणसं. आतेभावाने एका विक्रेत्याकडे पाहिलेला कॅम्पर तिथेच उभ्या असलेल्या पिकअपच्या लेबलात बसत नव्हता. विक्रेता म्हणाला, सगळे असंच घेतात! मी म्हटलं, आपल्याकडे खनिजाचे ट्रक सावर्डे-कुडचड्याच्या रस्त्यावर भरून वाहायचे तेव्हाही सगळे असंच म्हणायचे.

कॅम्परचा सगळ्यांत प्रसिद्ध रहिवासी म्हणजे लेखक जॉन स्टाइनबेक. १९६० साली त्याने जीएमसी पिकअपवर कॅम्पर बसवून घेतला, डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्याचं नाव 'रोसिनान्ते' ठेवलं, चार्ली नावाचा पूडल कुत्रा बरोबर घेतला आणि देशाला फेरी मारली. ते पुस्तक १९६२ मध्ये निघालं, त्याच वर्षी त्याला नोबेलही मिळालं. ती गाडी आज कॅलिफोर्नियात सलिनासच्या त्याच्या संग्रहालयात आहे. पण २०१० मध्ये बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने त्याच वाटेने जाऊन शोध घेतला, तेव्हा कळलं की स्टाइनबेकच्या बऱ्याच रात्री हॉटेलांत आणि मोटेलांत गेल्या होत्या, आणि पुष्कळ दिवस बायकोही सोबत होती. काहींना हा लबाडपणा वाटला. मला तर त्यात शहाणपण दिसतं. ५८ वर्षांचा, तब्येतीने खचलेला माणूस तीनेक महिनेही सलग त्या खोलीत राहिला नाही. फिरायला कॅम्पर उत्तम, हे त्याने दाखवलं. त्यात कायम राहता येतं, असं त्याच्या उदाहरणावरून कोणी म्हणू नये.

मोटारहोमवाल्यांचाही एक इतिहास आहे. विनेबेगो हे नाव तिथे मोटारहोमला जवळजवळ समानार्थी. कंपनी आयोवा राज्यातल्या विनेबेगो काउंटीतली, १९६६ पासून मोटारहोम बनवते. काउंटीचं नाव ज्यांच्यावरून आलं ते हो-चंक लोक, इतरांनी त्यांना विनेबेगो म्हटलं. एकोणिसाव्या शतकात सरकारने या लोकांना विस्कॉन्सिनमधून उठवून आयोवा, मिनेसोटा, साउथ डकोटा, नेब्रास्का असं पुन्हा पुन्हा हलवलं. त्यांतले कितीतरी पायी परत आले. ज्यांना कुठे राहू दिलं नाही त्यांचं नाव आज हौसेने फिरणाऱ्या घराच्या पुठ्ठ्यावर आहे. असो.

पत्त्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. घर विकलं की मतदान, लायसन्स, आयकर, विमा, सगळं कुठल्या तरी पत्त्यावर टांगावं लागतं. बहुतेक जण टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा निवडतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही आणि टपाल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या संस्था आहेत. आजारपणाचं काय हे मात्र कोणी आधी विचारत नाही. वयाच्या ६५ नंतर मूळ मेडिकेअर देशभर चालतं, पण त्याआधीचे खाजगी विमे बहुधा एकेका राज्यातल्या डॉक्टरांपुरते. माझ्या वहिनीला अजून दोन वर्षं आहेत. पलंगाची रुंदी मोजण्याआधी ही दोन वर्षं मोजा, असं मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, तू नेहमी लग्नात बाराव्याचा स्वयंपाक विचारतोस.

विचारतोच. टेक्सासमध्ये लिव्हिंग्स्टनला 'एस्केपीज' या फिरस्त्यांच्या संघटनेचं ठाणं आहे. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ मध्ये ती काढली. तिथे 'केअर' नावाची एक सोय आहे. ज्यांना आता गाडी चालवता येत नाही अशा वृद्धांनी आपली गाडी तिथे कायमची लावायची, राहायचं आपल्याच गाडीत, आणि जेवण, देखभाल, डॉक्टरकडे नेणं-आणणं हे तिथली माणसं बघतात. वाचून मला फार बरं वाटलं आणि थोडं वाईटही. चाक थांबणार हे या लोकांनी मान्य केलंय, आणि थांबल्यावर कुठे, याचीही तजवीज केलीय.

आम्हा गोंयकारांना हे काही नवीन नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं मोडायला घेतली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देऊळ कोणी बरोबर आणलं नाही. जे उचलता आलं ते उचललं आणि नव्या जागी पुन्हा भिंती बांधल्या. न्यू जर्सीतल्या माझ्या भावाचा पत्ता उद्या साउथ डकोटाचा झाला तरी मंगेशीच्या महाजनांत त्याचं नाव राहणारच.

माझं मत विचाराल तर एकट्या धडधाकट माणसाने डोळे मिटून कॅम्पर घ्यावा. दोघांनीही कॅम्परच घ्यावा, पण घर न विकता, भाड्याने देऊन, आणि आधी महिनाभर भाड्याचा कॅम्पर पावसाळी प्रदेशात नेऊन. गुडघे दुखत असतील, रात्री तीनदा उठावं लागत असेल, तर मोटारहोम घ्यावी, पण लहान आणि जुनी, म्हणजे ती मोडली तर माणूस मोडणार नाही. मोठी, नवी, कर्ज काढून घेतलेली मोटारहोम कोणीच घेऊ नये.

भावाला हे पटलेलं नाही. त्याला अजून ती ३६ फुटी दिसते आहे. वहिनीने मात्र परवा फोन हातात घेऊन मला एवढंच विचारलं, "भाऊजी, त्या कॅम्परात देव कुठे ठेवायचे?" मी म्हटलं, सिंकच्या वरचं कपाट बघा, गॅसपासून लांबचं. रात्री तिने फोटो पाठवला. मोजपट्टी धरून, कपाटाचं दार उघडून.